चरीची पडीक शेतं आणि खेरांचं मंत्रिमंडळ

जुन्या मंत्रिमंडळांची खातेवाटपं चाळायचा मला फार वर्षांचा नाद. त्यात मुंबई प्रांताचं १९३७ चं मंत्रिमंडळ पुन्हापुन्हा हाताला लागतं. धनजीशा कूपर यांचं औट घटकेचं सरकार गेलं आणि जुलैत बाळासाहेब खेर आले, हे वाचकांना ठाऊक आहेच. गृह आणि कायदा कन्हैयालाल मुन्शींकडे, अर्थ अण्णासाहेब लठ्ठ्यांकडे, आरोग्य आणि दारूबंदी डॉ. गिल्डरांकडे. गाजली ती दारूबंदी. मला मात्र महसूल खातं खुणावतं, कारण मोरारजी देसाईंच्या त्या खात्याचा कस लागला तो अलिबाग तालुक्यातल्या चरीत.

चरी हे खारेपाटातलं गाव. इथली भातशेती खाडीचं पाणी मातीच्या बांधांनी थोपवून केलेली. उधाणात बांधाला खांड गेली की खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची पिकंही हातची जातात. बांध राखायचे कुळांनी, सगळ्या गावाने मिळून जोळ लावून. पिकलेलं भात मात्र खंडापायी खोतांच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांच्या, आणि सावकारांच्या कणगीत. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी ठरवलं, नांगर धरायचा नाही. २५ गावं संपावर गेली. लोकांनी जंगलातली लाकडं विकून पोट भरलं, पण बांधावरून खाली उतरले नाहीत. संप १९३९ पर्यंत, सहा वर्षं चालला.

१९३४ मध्ये डॉ. आंबेडकर चरीतल्या शेतकऱ्यांच्या परिषदेला येऊन गेले. पुढे सप्टेंबर १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचं विधेयक त्यांनी विधिमंडळात मांडलं. खेर स्वतः रत्नागिरीत जन्मलेले. खोत म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरीही विधेयक रखडलं. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले, शिष्टमंडळ खेरांना भेटलं. विधेयक काही पुढे सरकलं नाही.

मग खेरांनी मोरारजींना चरीला धाडलं. महसूलमंत्री आले, पडीक शेतं पाहिली, कुळांचं ऐकलं. त्यानंतर आलेल्या १९३९ च्या कूळ कायद्याने सलग सहा वर्षं जमीन कसणाऱ्याला संरक्षित कूळ मानलं, त्याला मनमानीने हुसकावणं अवघड केलं. ही कमाई मोठीच. पण त्यात एक मखलाशी होती, असं माझं मत आहे. कुळाला आधार दिला आणि खोताला हात लावला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात महायुद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

१९४६ मध्ये पुन्हा खेर मुख्यमंत्री आणि पुन्हा महसूल मोरारजींकडेच. याच जोडगोळीने १९४८ चा कूळ कायदा आणला आणि १९४९ च्या कायद्याने खोती मोडली. तोवर आंबेडकर केंद्रात कायदामंत्री होते. माणसं तीच, खातं तेच, मागणीही तीच. मधे १२ वर्षं गेली. महसूल खात्याच्या इतिहासात या कायद्यांचं श्रेय मंत्र्यांच्या नावे मांडलं जातं. चरीच्या कुळांचं नाव त्यांच्या आधी यायला हवं.