साडेतीन हजारांची डबी आणि झाडीपट्टीचं नाटक

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर उभा राहतो आणि होळीच्या आसपास आटोपतो. धान घरात आलेलं असतं, रात्री गारठ्याच्या असतात आणि वडशाच्या, म्हणजे कागदोपत्री देसाईगंजच्या, नाट्यमंडळांच्या कार्यालयांत तारखा ठरवायला गावोगावची माणसं येत असतात. २०२३ साली इथले नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या अनेकांनी या रंगभूमीचं नाव पहिल्यांदा ऐकलं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला ते सांगावं लागत नाही.

हंगाम संपल्यावर हा प्रेक्षक यूट्यूबकडे वळतो. नाटकं तिथे आहेत, त्यातली गाणी आहेत, माडिया-गोंडी रेला गीतं आहेत, खंजिरीभजनं आहेत. हे सगळं ऐकलं जातं फोनच्या बुडाशी असलेल्या शेंगदाण्याएवढ्या स्पीकरवर. आणि त्याच खोलीत, कपाटाच्या माथ्यावर, जुनी म्युझिक सिस्टीम असते. कॅसेटचं दार अडकलेलं, सीडी फिरत नाही, पण अॅम्प्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर ठणठणीत. मग घरातलं कुणी तरी पुण्याहून सुट्टीत येतं आणि म्हणतं, एक स्वस्तातला वायरलेस स्ट्रीमर घ्या, सगळं यातून वाजेल.

‘सगळं’ या शब्दातच पहिली गफलत आहे. पण त्याआधी एक साधी समजूत दूर करायला हवी.

स्ट्रीमरने आवाज मोठा होत नाही. ही मुठीत मावणारी डबी वाय-फायवरून गाणं घेते, आकड्यांतल्या ध्वनीचा विजेच्या लहरींत अनुवाद करते आणि त्या लहरी अॅम्प्लिफायरच्या हवाली करते. इथे तिचं काम संपतं. एकेकाळी बाजारातल्या टू-इन-वनवर ‘पीएमपीओ’ म्हणून हजार-दोन हजार वॉटचे आकडे छापलेले असत, त्यामुळे खोक्यावर वॉट शोधण्याची सवय अजून गेलेली नाही. स्ट्रीमरच्या खोक्यावर वॉट नसतो, कारण साध्या स्ट्रीमरमध्ये अॅम्प्लिफायरच नसतो. त्याला ‘ऑक्स’ किंवा ‘लाइन इन’ लिहिलेली लाल-पांढरी भोकं लागतात. भजनी मंडळाच्या आहुजा अॅम्प्लिफायरला तो जोडायचा असेल तर हे विशेष लक्षात ठेवावं. माइकच्या भोकात काही मिलिव्होल्टांची अपेक्षा असते, स्ट्रीमर तिथे एक-दोन व्होल्ट ओततो आणि आवाज फाटतो. फाटलेल्या आवाजाचं खापर मग बिचाऱ्या डबीवर फुटतं.

आता ‘सगळं वाजेल’कडे. बहुतेकांच्या डोक्यात चित्र असं असतं की गाणं फोनमध्ये येतं आणि फोन ते डबीकडे फेकतो. ब्लूटूथमध्ये तसंच होतं. पण कास्ट किंवा स्पॉटिफाय कनेक्ट या पद्धतींत फोन हा फक्त रिमोट असतो. तो डबीला गाण्याचा पत्ता सांगतो आणि डबी स्वतःच इंटरनेटवरून ते गाणं आणते. म्हणून मध्ये फोन आला तरी गाणं थांबत नाही, फोन घेऊन कुणी शेतावर गेलं तरी घरात वाजत राहतं. सोय मोठी आहे. अट एवढीच की ज्या ॲपमधलं गाणं हवं, त्या ॲपने आणि त्या डबीने एकमेकांना ओळखायला हवं.

इथे झाडीपट्टीचा माणूस फसतो. या प्रकारातली सगळ्यांत गाजलेली स्वस्त डबी म्हणजे गूगलची क्रोमकास्ट ऑडिओ. ती सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत ३५ डॉलरला आली, पुढच्या वर्षी भारतात ३,३९९ रुपयांना. आवाज नेटका, आकार पेढ्याएवढा. पण यूट्यूबच्या साध्या ॲपमध्ये कास्टचं चिन्ह दाबलं, तर केवळ आवाजाची उपकरणं त्या यादीत येतच नाहीत. व्हिडिओचं ॲप पडदा असलेलं उपकरण शोधतं. म्हणजे वडशाचं नाटक यूट्यूबवर आणि डबी त्याच कंपनीची असूनही दोघांची भेट नाही. अँड्रॉइड फोनचा सगळा आवाज गूगल होम ॲपमधून डबीकडे वळवण्याची पळवाट होती, पण मग फोन पुन्हा खोलीत अडकला.

ज्याचं ऐकणं हिंदी चित्रपटगीतं, अभंग, नाट्यसंगीत असं आहे, त्याला ही अडचण जाणवत नाही. ते सारं मोठ्या संगीतसेवांवर मिळतं. ज्याचं ऐकणं गावाच्या जवळचं आहे, त्याने डबीत ब्लूटूथ आहे का, हे आधी बघावं. विम मिनीसारख्या अलीकडच्या लहान स्ट्रीमरमध्ये वाय-फायबरोबर ब्लूटूथही असतं. क्रोमकास्ट ऑडिओत ब्लूटूथवरून गाणं घेण्याची सोय नव्हती. तंत्रज्ञानाच्या मासिकांतली परीक्षणं या मुद्द्यावर एक ओळ खर्च करतात आणि आकड्यांचा अनुवाद करणाऱ्या डॅक चिपवर तीन परिच्छेद, कारण परीक्षण लिहिणारा झाडीपट्टीचं नाटक ऐकत नसतो.

ब्लूटूथचं नाव काढलं की पुढचा आक्षेप येतो: त्यात आवाजाची माती होते. होत नाही. ब्लूटूथची सगळ्यांत साधी पद्धत, एसबीसी, चांगल्या प्रतीत सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिट वाहून नेते. सोनीची एलडॅक ९९० पर्यंत जाते. सीडीचा न दाबलेला ध्वनी १,४११ किलोबिटांचा, हे खरं. पण यूट्यूबवरच्या नाटकाचा आवाज मुळातच साधारण १२८ ते १६० किलोबिटांत दाबलेला असतो. अर्ध्या बादलीतलं पाणी पाऊण बादलीत ओतलं तर सांडत नाही. थोडा फरक पडतो, कारण दाबलेला ध्वनी उलगडून पुन्हा दाबावा लागतो. मंडपात एका माइकवर टिपलेल्या नाटकात तो फरक ओळखून दाखवणारा कान विरळाच.

सीडीहून बारीक ध्वनीचा दावा करणाऱ्या ‘हाय-रेझ’ या सोनेरी चिकटपट्टीचंही असंच आहे. सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात, त्यातून २२,०५० हर्ट्झपर्यंतचा स्वर पुन्हा उभा करता येतो. तरुण माणसाला जास्तीत जास्त २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि वयाबरोबर ही हद्द खाली सरकते. १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबलचा चढउतार मावतो. पंखा चालू असलेल्या दिवाणखान्यात तेवढा वापरताच येत नाही. शिवाय मूळ ध्वनिमुद्रण काय प्रतीचं आहे, हा प्रश्न उरतोच. खंजिरीभजनांचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या आवाजातलं प्रत्येक ध्वनिमुद्रण त्याआधीचं. त्या काळच्या यंत्राने जे टिपलं नाही, ते २४ बिटांच्या डबीतून निघणार नाही.

यात खिशाचाही हिशेब आहे. ३२० किलोबिटांच्या गाण्याला तासाला १४४ एमबी लागतात. सीडीच्या प्रतीचं, काहीही न गमावता दाबलेलं गाणं साधारण ३०० ते ४०० एमबी खातं, आणि २४ बिट-९६ किलोहर्ट्झचं एका तासात एक जीबीच्या पुढे जातं. रोज दीड जीबीच्या रिचार्जवर घर चालवणाऱ्याला पहिल्या प्रकारात दहा तास संगीत मिळतं, शेवटच्यात तास-सव्वा तास.

मग महाग स्ट्रीमर चांगला वाजत नाही का? वाजल्यासारखा वाटतो. दुकानात दोन डब्या एकामागून एक लावल्या आणि त्यातली एक जराशी मोठ्याने वाजत असली, तर कान तिलाच ‘स्वच्छ’ आणि ‘भरदार’ म्हणतो. एखाद्या डेसिबलचा फरक त्याला पुरतो. तो मोठेपणा म्हणून ओळखू येत नाही, गुण म्हणून ओळखू येतो. म्हणून तुलना करायची तर आधी दोघांचा आवाज सारखा करावा आणि डब्या बदलण्याचं काम दुसऱ्याला द्यावं, कुठली चालू आहे ते न सांगता. खंजिरी असलेलं एखादं नवं, स्वच्छ ध्वनिमुद्रण यासाठी उत्तम. कातड्यावरची थाप आणि कडेच्या चकत्यांची किणकिण, दोन्ही एका क्षणात येतात. चकत्या वाळूसारख्या खरखरल्या तर कुठे तरी दोष आहे. बहुतेक वेळा तो स्पीकरमध्ये सापडतो. तीस वर्षांच्या स्पीकरचा कडेचा फोम झडलेला असतो, तो बदलून घेतल्याने जेवढा फरक पडेल तेवढा दुप्पट किमतीच्या स्ट्रीमरने पडणार नाही.

घरघरीची गोष्ट वेगळी आणि जास्त महत्त्वाची. डबी जोडली की स्पीकरमधून बारीक ‘हूंऽऽ’ सुरू होतं, आणि निष्कर्ष तयारच असतो: स्वस्त माल. हा आवाज बहुधा ५० किंवा १०० हर्ट्झचा असतो, म्हणजे घरच्या विजेचाच. अर्थिंग नीट नसलं, अॅम्प्लिफायर एका बोर्डावर आणि डबीचा अडॅप्टर दुसऱ्यावर असला, तर जोडवायरमधून नको तो प्रवाह फिरतो आणि अॅम्प्लिफायर तोही इमानदारीने मोठा करून ऐकवतो. याची परीक्षा फुकटात होते. यूएसबीवर चालणारी डबी अडॅप्टरवरून काढून पॉवर बँकेवर लावायची. घरघर थांबली तर डबी निर्दोष. महानिर्मितीचं सगळ्यांत मोठं औष्णिक केंद्र, २,९२० मेगावॉटचं, चंद्रपूर जिल्ह्यातच आहे. पण अर्थिंगचा खड्डा ज्याचा त्याने खणायचा असतो, आणि उन्हाळ्यात त्यात पाणीही ज्याचं त्यानेच घालायचं असतं.

गाणं अडखळलं की ‘नेट स्लो आहे’ म्हणण्याची पद्धत आहे. ३२० किलोबिट म्हणजे अर्ध्या एमबीपीएसपेक्षाही कमी. तेवढं नेट रडतखडत का होईना असतं. अडतं ते राउटर आणि डबीच्या मधल्या वीस फुटांत. जुन्या कौलारू घरांच्या मातीच्या भिंती दीड-दोन फूट जाड, त्यात पावसाळ्याची ओल. पाणी वाय-फायच्या लहरी शोषून घेतं. लोखंडी कपाट आणि टिनाचं छप्पर त्या परतवतात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी अशा भिंतींपुढे लवकर दमतात, २.४ च्या जरा चिवट असतात. म्हणून एखादी स्वस्त डबी फक्त २.४ वर चालत असेल, तर तो तिचा दोष शहरातल्या गजबजलेल्या इमारतीत मोठा आणि नागभीडच्या वाड्यात किरकोळ. राउटर नाही, फोनचा हॉटस्पॉटच आहे, अशा घरात आणखी एक घोळ होतो. ज्या फोनचा हॉटस्पॉट, त्याच फोनवरून कास्ट करायला गेलं तर अनेकदा डबी दिसत नाही. दुसरा फोन त्याच जाळ्यात आणून त्यावरून चालवावी लागते.

आणि जिथे नेटच जातं तिथे? भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्या मिळतात, आणि पर्लकोटेच्या पुराने हे गाव वर्षानुवर्षे पावसाळ्यात जगापासून तुटत आलं आहे. अशा ठिकाणी स्ट्रीमर म्हणजे शोभेची वस्तू, असं समजलं जातं. ते डबीवर अवलंबून आहे. कास्टवर चालणाऱ्या डबीला घरातलीच फाइल वाजवायलाही साधारणपणे इंटरनेट लागतं, कारण ती आपला वाजवण्याचा कार्यक्रमच दर वेळी बाहेरून मागवते. डीएलएनए पद्धत समजणारी डबी मात्र राउटरला लावलेल्या पेन ड्राइव्हमधली किंवा जुन्या लॅपटॉपमधली गाणी वाजवते. त्याला घरातलं वाय-फाय पुरतं, बाहेरची तार तुटलेली असली तरी चालतं. वीज हवी, पण डबी जेमतेम काही वॉट घेते. राउटरसाठीचा छोटा यूपीएस दोघांना सांभाळतो.

राहिला टिकाऊपणा. रेडिओ एकदा घेतला की वीस वर्षं वाजतो, या अनुभवावर वाढलेल्या पिढीला वाटतं की डबीचंही तसंच. क्रोमकास्ट ऑडिओचं उत्पादन गूगलने जानेवारी २०१९ मध्ये बंद केलं. घेतलेल्या डब्या चालत राहिल्या. मग ९ मार्च २०२५ रोजी जगभरच्या त्या डब्या एकाएकी गप्प झाल्या. आत काही जळलं नव्हतं. उपकरणाची ओळख पटवणारं, दहा वर्षांच्या मुदतीचं डिजिटल प्रमाणपत्र संपलं होतं. काही दिवसांत गूगलने दुरुस्ती पाठवली. पण घाबरून ज्यांनी डबी ‘फॅक्टरी रीसेट’ केली त्यांना जास्त त्रास झाला. रीसेट करू नका, असं कंपनीला सांगावं लागलं.

याच्या उलट स्क्वीझबॉक्सची कथा. हा स्ट्रीमर स्लिम डिव्हायसेस या लहान कंपनीने काढला, २००६ मध्ये ती लॉजिटेकने घेतली, २०१२ मध्ये ही उत्पादनं बंद केली आणि २०२४ मध्ये त्यांची ऑनलाइन सेवाही मिटवली. तरी जुने स्क्वीझबॉक्स आजही वाजतात. त्यांचा सर्व्हर मुक्तस्रोत असल्याने वापरणाऱ्यांनीच तो सांभाळला, आता त्याचं नाव लिरियन. रास्पबेरी पायच्या छोट्या संगणकावर तो बसवता येतो. मात्र त्यासाठी घरात एक तरी खटपट्या माणूस लागतो.

मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा ४६-४७ अंशांवर जातो, तेव्हा कुठलीही डबी तापलेल्या अॅम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवू नये. गडगडाट सुरू झाला की प्लग काढावा.

आणि पैसे मोजण्याआधी शे-दीडशे रुपयांची वायर आणावी, एका टोकाला हेडफोनची पिन, दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या पिना. फोनला हेडफोनचं भोक नसेल तर सोबत छोटा अडॅप्टर. कपाटावरची सिस्टीम खाली उतरवून, धूळ पुसून, या वायरने फोन थेट ‘ऑक्स’ला जोडावा आणि गेल्या हंगामातलं एखादं नाटक लावावं. दोन्ही स्पीकर वाजतात का, घरघर किती, फोम शाबूत आहे का, हे पहिल्या अंकातच कळतं. वायरीला बांधलेला फोन तिसऱ्या अंकापर्यंत कुणाला खटकला नाही, तर त्या घराला डबीची गरज नाही.