बेस कॉम्बोचा स्पीकर बदलताना

बेस गिटारच्या कॉम्बो अँप्लिफायरमधला स्पीकर बदलताना आधी पाहायचा तो इम्पीडन्स. अँप्लिफायर किमान 4 ओहमसाठी बनवलेला असेल, तर 8 ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडता येतात. 4 ओहमचे दोन तसेच जोडले, तर भार 2 ओहमवर येतो आणि आउटपुट ट्रान्झिस्टर जळू शकतात. वॅटच्या आकड्याला उगाच महत्त्व मिळते. स्पीकरची संवेदनशीलता 3 डेसिबलने जास्त असली, की निम्म्या वॅटमध्ये तेवढाच आवाज मिळतो. खरी मेख खोक्यात आहे. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार सुमारे 41 हर्ट्झवर वाजते. खोक्याचे आकारमान, त्याचे भोक आणि स्पीकर यांचा मेळ बसला तरच तो खर्ज भरीव उमटतो. महागडा स्पीकरही चुकीच्या खोक्यात पोकळ वाजतो. निओडायमियम चुंबकाच्या स्पीकरने वजन मात्र नक्की घटते.