पाळकाची तालीम
सत्याग्रहाच्या वाटा : लेखांक ६

सोलापुरात ‘तालीम’ म्हटलं की पेठेतली तांबडी माती आठवते. नाटकवाल्यांची तालीम वेगळी, पण मुद्दा तोच. ऐनवेळी जे करायचं ते आधी इतक्यांदा करायचं, की वेळ आल्यावर विचार करावा लागू नये. पैलवान फडात उतरल्यावर डाव आठवत बसत नाही.

१९५९ च्या अखेरीस अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात, क्लार्क मेमोरियल नावाच्या मेथॉडिस्ट चर्चमध्ये अशीच एक तालीम भरत होती. खुर्च्या रांगेत मांडलेल्या. काही विद्यार्थी त्यांवर बसत, काही मागे उभे राहत. मागचे पुढच्यांना अर्वाच्य शिव्या देत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत, खुर्चीवरून खाली ओढत. पडल्यावर डोकं कसं झाकायचं, शेजाऱ्याला जास्त मार बसत असेल तर मध्ये कसं पडायचं, मारणाऱ्याच्या डोळ्याला डोळा कसा भिडवायचा, हे सारं घोटून घेतलं जाई. मग बाजू बदलायच्या.

वस्ताद होते रेव्हरंड जेम्स लॉसन, वय ३१. मराठी ख्रिस्ती समाज ज्यांना ‘पाळक’ म्हणतो, त्या पेशाचे. त्याच वेळी ते व्हॅण्डरबिल्ट विद्यापीठात धर्मशास्त्राचे विद्यार्थीही होते. आणि या तालमीतले बरेच डाव त्यांनी आणले होते आपल्या नागपुरातून.

लॉसन घराण्यात पाळकपण आजोबांपासून चालत आलेलं. वडीलही पाळक, पण कमरेला पिस्तूल बाळगणारे. वर्णद्वेष्ट्यांच्या मुलखात प्रवचन करायचं तर ते लागतं, असा त्यांचा हिशेब. आईचं मत नेमकं उलटं. ओहायोतल्या मॅसिलन गावी लहानग्या जेम्सला एका गोऱ्या पोराने गाडीतून वंशावरून शिवी हासडली. जेम्सने जवळ जाऊन त्याच्या थोबाडीत दिली आणि घरी येऊन फुशारकीने सांगितलं. आई स्वयंपाक करत होती. तिने वळूनही न पाहता विचारलं, की त्याने काय साधलं? लॉसन पुढे आयुष्यभर हा प्रसंग सांगत राहिले. आपण हात उगारायचा नाही, हे तिथेच ठरलं असं ते म्हणत.

कॉलेजात असतानाच ते अहिंसावादी संघटनांत ओढले गेले. कोरियाचं युद्ध सुरू झालं, तरुणांची सक्तीची भरती सुरू झाली. पाळक होणाऱ्याला सूट होती, विद्यार्थ्यालाही सवलत मिळू शकत होती. लॉसन यांनी दोन्ही नाकारल्या, भरतीही नाकारली. शिक्षा तीन वर्षांची झाली, त्यातलं वर्षाहून अधिक त्यांनी तुरुंगात काढलं.

सुटल्यावर १९५३ मध्ये ते मेथॉडिस्ट मिशनतर्फे नागपूरला आले. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या हिस्लॉप कॉलेजात मुलांना खेळ शिकवायचे आणि त्यांच्या धार्मिक उपक्रमांकडे पाहायचं, असं काम. नागपूर तेव्हा जुन्या मध्य प्रदेशची राजधानी. सेवाग्राम तिथून ७०-७५ किलोमीटरवर. गांधींना जाऊन पाच वर्षं झाली होती, पण त्यांच्याबरोबर तुरुंगात गेलेली माणसं अजून हिंडतीफिरती होती. पुस्तकातून वाचलेले गांधी लॉसन यांना इथे माणसांच्या तोंडून ऐकायला मिळाले. सत्याग्रह म्हणजे सोसण्याची सवय नव्हे, तर लढण्याची शिस्तबद्ध पद्धत आहे, हे त्यांना इथे उमगलं. मैदानावर मुलांकडून घाम गाळून घेणाऱ्या प्रशिक्षकाला ते पटायला वेळ लागला नसावा.

डिसेंबर १९५५. ‘नागपूर टाइम्स’च्या पहिल्या पानावर अमेरिकेची बातमी होती : माँटगोमेरी शहरातल्या कृष्णवर्णीयांनी सिटी बसवर बहिष्कार घातला असून मार्टिन ल्यूथर किंग नावाचा तरुण पाळक त्यांचं नेतृत्व करतो आहे. लॉसन आनंदाने ओरडले, टाळ्या पिटू लागले. ज्याची वाट पाहत होतो ते मायदेशी सुरू झालं होतं.

१९५६ मध्ये ते परतले आणि ओबर्लिन इथे शिकू लागले. फेब्रुवारी १९५७ मध्ये किंग तिथे भाषणाला आले. दोघांच्या वयात चारेक महिन्यांचंच अंतर. शिक्षण संपवून दक्षिणेत येईन, असं लॉसन म्हणाले. किंग यांचं म्हणणं पडलं, की आत्ताच या, अहिंसेचा असा अनुभव असलेला माणूस आमच्याकडे नाही. लॉसन निघाले आणि नॅशव्हिलला पोचले.

तिथे कुठून सुरुवात करायची, हे त्यांनी स्वतः ठरवलं नाही. चर्चमधल्या बायकांना विचारलं. शहरातल्या मोठ्या दुकानांत त्या कपडे घेत. गल्ल्यावर त्यांचे पैसे चालत, पण त्याच दुकानातल्या लंच काउंटरवर बसून कपभर कॉफी घ्यायची त्यांना मनाई. पोर दमलं, भुकेलं, तरी टेकायला जागा नाही. महाडला १९२७ मध्ये प्रश्न पाण्याच्या ओंजळीचा होता, इथे कपाचा. तळं नगरपालिकेचं असून पाणी वर्ज्य, दुकान सर्वांना खुलं असून स्टूल वर्ज्य.

तालमीला येणारी मुलं फिस्क विद्यापीठातली, बॅप्टिस्ट सेमिनरीतली. त्यांत अलाबामातल्या शेतकरी घरातला लाजरा जॉन लुइस होता, जो पुढे ३३ वर्षं अमेरिकी संसदेत बसला. शिकागोहून आलेली डायन नॅश होती. असल्या प्रकाराने काही होईल, यावर तिचा सुरुवातीला विश्वास नव्हता. पण शहरात दुसरं कुणी काही करत नव्हतं, म्हणून ती येत राहिली आणि नेता झाली.

१ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो गावात चार विद्यार्थी लंच काउंटरवर जाऊन बसले आणि देशभर ठिणगी पडली. नॅशव्हिलची मुलं तयारच होती. १३ फेब्रुवारीला शंभरावर विद्यार्थी नीटनेटके कपडे घालून, वह्या-पुस्तकं घेऊन शहरात गेले, स्टुलांवर बसले आणि अभ्यास करू लागले. २७ तारखेला मात्र गुंड आले. सिगारेटी अंगावर विझवल्या गेल्या, मुलं खाली ओढली गेली. पोलिसांनी पकडलं ते मार खाणाऱ्यांना, ८० च्या आसपास जणांना. एक तुकडी गाडीत कोंबली, की दुसरी त्याच स्टुलांवर येऊन बसे. मुलांपाशी नियमांचा कागद होता : उलट मारू नका, शिवी देऊ नका, ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा, सांगितल्याशिवाय जागा सोडू नका.

वस्तादांची परीक्षाही याच दिवसांत झाली. एका विद्यार्थ्याला मार बसत होता, तिथे लॉसन पुढे झाले, तेव्हा कातडी जाकीट घातलेला एक तरुण त्यांच्या तोंडावर थुंकला. त्यांनी शांतपणे त्याच्याकडेच रुमाल मागितला. तो इतका गोंधळला, की त्याने खिशातून काढून दिला. तोंड पुसून रुमाल परत करत लॉसन यांनी विचारलं, की तुझी मोटारसायकल आहे का? मग दोघं तिच्याविषयी बोलत राहिले. तोवर मार खाणारा विद्यार्थी तिथून निसटला होता.

३ मार्चला व्हॅण्डरबिल्टने लॉसन यांना काढून टाकलं. धर्मशास्त्र विभागाच्या डीनसह अनेक प्राध्यापकांनी निषेधार्थ राजीनामे दिले. १९ एप्रिलला पहाटे विद्यार्थ्यांचे वकील अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बाँब पडला. त्याच दिवशी हजारो लोक तीन-तीनच्या रांगेत, अक्षर न बोलता नगरपालिकेवर चालत गेले. पायऱ्यांवर नॅशने महापौर बेन वेस्ट यांना थेट विचारलं, की वर्णावरून माणसाला नाकारणं योग्य आहे का? महापौरांना ‘नाही’ म्हणावं लागलं. १० मे रोजी सहा दुकानांचे काउंटर सर्वांना खुले झाले.

सोलापूरकराला इथे आपलं १९३० आठवल्याशिवाय राहत नाही. ५ मे रोजी गांधींना अटक झाली. ८ तारखेला इथे गोळीबार झाला आणि जमाव खवळला. मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जळाली, कोर्ट जळालं, पोलीसही मारले गेले. १२ मे रोजी मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्या गर्दीत धैर्य तुडुंब होतं. तिची तालीम घ्यायला कुणाला सवडच मिळाली नव्हती.

हाच अनुभव लॉसन यांनाही चुकला नाही. १९६२ पासून ते मेम्फिस शहरात पाळक होते. फेब्रुवारी १९६८ मध्ये कचरागाडीच्या यंत्रात चिरडून दोन सफाई कामगार मेले आणि १३०० कामगार संपावर गेले. लॉसन यांनी किंग यांना बोलावलं. २८ मार्चच्या मोर्चात हजारो लोक आले, त्यांत तालीम न झालेली पोरंही होती. मागच्या बाजूला दुकानांच्या काचा फुटू लागल्या. लॉसन यांनी कर्ण्यावरून मोर्चा परत फिरवला, पण पोलिसांच्या गोळीने १६ वर्षांचा एक मुलगा गेला. हा डाग पुसायला, शिस्तीचा मोर्चा काढून दाखवायला, किंग पुन्हा मेम्फिसला आले. ४ एप्रिलला तिथेच त्यांचा खून झाला. चार दिवसांनी त्याच रस्त्यांवरून मोर्चा निघाला, मुका आणि शिस्तीचा. १६ एप्रिलला संप मिटला, कामगारांच्या संघटनेला मान्यता मिळाली.

खुनाबद्दल जेम्स अर्ल रे याला शिक्षा झाली. १९७८ मध्ये तुरुंगात त्याचं लग्न लागलं, ते लावणारे पाळक होते जेम्स लॉसन.

१९७४ पासून २५ वर्षं ते लॉस एंजेलिसच्या होल्मन चर्चचे पाळक होते. हॉटेल कामगारांच्या लढ्यांत ते उतरले, अहिंसेच्या कार्यशाळा घेत राहिले. २००६ मध्ये व्हॅण्डरबिल्टने त्यांना सन्मानाने शिकवायला बोलावलं. ज्या विद्यापीठाने पटावरून नाव काढलं होतं, तिथेच ते फळ्यापुढे उभे राहिले. ९ जून २०२४ रोजी, ९५ व्या वर्षी, लॉस एंजेलिसमध्ये त्यांचं निधन झालं.

(पुढील लेखांकात : महाडचं तळं आणि परतीच्या वाटेवरचा हल्ला)