जाम बोल्टाशी झुंज नको

बमरोलीच्या यंत्रमागांवर खानदेशातली पुष्कळ कुटुंबे राबतात. दिवाळीनंतर त्यांतला एखादा गव्हाच्या पाण्यासाठी गावी जातो, तर विहिरीवरचे डिझेल इंजिन सहा-सात महिने उभेच. दुरुस्तीला हात घालावा, तर सायलेन्सरचा बोल्ट हलत नाही.

शेतकरी बंधूंनो, अशा वेळी पान्यावर लांब पाइप चढवून जोर लावू नका. बोल्ट तुटला म्हणजे दुपारचे काम आठवड्यावर जाते, आणि गहू तहानलेला राहतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. आटे आवळले जातात ते त्यामुळे.

आदल्या रात्रीच बोल्टाच्या मुळाशी डिझेल सोडा. सकाळी डोक्यावर हातोडीचे हलके ठोके देऊन पुन्हा सोडा. पाना रिंगचाच घ्या. आधी किंचित आवळा, मग सैल करा. थोडा सुटला की थोडा परत फिरवा.

तरीही हटून बसला तर उष्णता द्यावी. लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव तापवून चढवतो ना? तापली की ती मोठी होते. तसाच बोल्टाभोवतीचा भाग तापवा, म्हणजे भोक मोठे होते. मात्र आधी डिझेल कोरडे पुसा, टाकी दूर न्या, डोळ्यांना चष्मा लावा. तापलेल्या बिडावर पाणी मुळीच ओतू नये, तडा जातो. ज्योत विझवून गरम बोल्टाला मेणबत्ती टेकवली, तर मेण वितळून आट्यांत शिरते. मेकॅनिक लोकांचा हा जुना उपाय.

नवा बोल्ट बसवताना ग्राफाइटचे ग्रीस लावा. साधे ग्रीस तिथल्या उष्णतेने जळून जाते.