गाजरगवत आणि त्याचा माहेरचा वैरी

पाऊस पडला की गावाबाहेरची पडीक जागा, रस्त्याच्या कडा, शाळांची पटांगणे हिरवीगार होतात. जवळ जाऊन पाहावे, तो त्यातले पुष्कळसे गाजरगवतच असते. अमेरिका खंडातील हे तण आपल्या देशात प्रथम पुण्यास १९५५ साली नजरेस आले. परदेशी गव्हाबरोबर ते आले असावे, असे मानतात. एकेक झाड हजारो बी टाकते आणि जनावरे त्यास सहसा तोंड लावीत नाहीत. त्याच्या स्पर्शाने कित्येकांच्या अंगास खाज सुटते, इसब होतो. परागांमुळे दम्याचा त्रास वाढतो.

तण परदेशी आले, परंतु त्याचे शत्रू मायदेशीच राहिले. म्हणून ते येथे बेफाम वाढले. हे जाणून बंगळूर येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने १९८३ साली मेक्सिकोतून ‘झायगोग्रामा बायकोलोराटा’ नावाचा भुंगेरा आणविला. आपल्या पिकांवर तो जगतो की काय, याची आधी कसोटी घेतली आणि १९८४ साली त्यास मोकळे सोडले.

हा भुंगेरा ज्वारीच्या दाण्याएवढा. फिकट पांढुरक्या पाठीवर तपकिरी रेघा असतात. मादी पानांवर अंडी घालते. अळ्या कोवळे शेंडे व पाने खातात, मग मातीत शिरून कोश करतात. भुंगेरेही पानेच खातात. पावसाळ्यात त्यांची संख्या वाढली की झाडाच्या नुसत्या काड्या उरतात. मग फुले कोठली आणि बी कोठले!

१९९० नंतर काही ठिकाणी हे भुंगेरे सूर्यफुलावर दिसले आणि शेतकरी धास्तावले. चौकशी झाली. गाजरगवताचे पराग सूर्यफुलाच्या पानांवर पडल्याने ते तिकडे वळले असावेत, पिकास मोठे भय नाही, असा निष्कर्ष निघाला. नवा कीटक आणताना सावधपणा किती हवा, हे मात्र यावरून ध्यानी येते.

तथापि सारा भार भुंगेऱ्यावर टाकून आपणांस स्वस्थ बसता येणार नाही. पाऊस सरला की तो मातीत निजतो, आणि गवताचे बी तर जमिनीत वर्षानुवर्षे टिकते. म्हणून आमची सभासद बंधुभगिनींस विनंती आहे, की फुले येण्यापूर्वी हातमोजे घालून हे गवत मुळासकट उपटावे. ज्या झाडांवर हे रेघांचे भुंगेरे दिसतील, ती मात्र तशीच ठेवावीत. तेथे औषध फवारू नये. मुलांनाही हा किडा ओळखावयास शिकवावे, म्हणजे आपला मित्र आपल्याच हातून मारला जाणार नाही.