यूट्यूब आपणांस काय दाखविते व का दाखविते?

आपल्या संघाच्या स्मरणिकेत आम्ही आजवर जे लिहिले ते आवक, साठवण, बाजार समित्यांचे कायदे अशा विषयांवर होते. यंदाचा विषय वरवर पाहता निराळा वाटेल. परंतु पेढीवर बसणाऱ्या आपल्या मुलांच्या हातांत दिवसभर जी वस्तू असते, आणि जिच्यावर विसंबून हल्ली तूर ठेवावी की काढावी याचे निर्णय होऊ लागले आहेत, तिचा हिशेब व्यापाऱ्यास कळावयास नको काय? आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. यंत्रशास्त्रात आमची गती नाही. तथापि गूगल कंपनीच्या अभियंत्यांनी या विषयावर वेळोवेळी जे निबंध प्रसिद्ध केले आहेत, ते घरातील शिकलेल्या मंडळींकडून समजावून घेतल्यावर आमच्या ध्यानात आले की, यातील मूळ कल्पना पेठेत वावरलेल्या माणसास मुळीच परकी नाही.

पुष्कळांची अशी समजूत असते की, यूट्यूब उघडताच जे समोर येते ते वर्तमानपत्राच्या पहिल्या पानाप्रमाणे सर्वांसमोर सारखेच येत असावे. शेजारशेजारच्या दोन गाद्यांवरील दोन मोबाईल एकाच वेळी उघडून पाहिले म्हणजे ही समजूत तत्काळ नाहीशी होते. एकावर नाट्यसंगीत व गुडघेदुखीवरील उपाय, तर दुसऱ्यावर क्रिकेट, मोटारी आणि सोयाबीनचे भाव. दुसरी समजूत अशी की, कोणी अधिकारी कोठे तरी बसून निवड करीत असेल. तेही शक्य नाही, कसे ते पाहावे. यूट्यूबची स्थापना फेब्रुवारी २००५ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात झाली व पुढल्याच वर्षी गूगलने ती कंपनी १६५ कोटी डॉलरांस विकत घेतली. २०१९ सालच्या सुमारास तेथे दर मिनिटास ५०० तासांहून अधिक लांबीच्या चित्रफिती नव्याने येऊन पडत होत्या. ५०० तासांचाच हिशेब धरला तरी दिवसाची आवक ७,२०,००० तासांची होते. एका माणसाने रात्रंदिवस डोळा न मिटता पाहावयाचे ठरविले तर केवळ एका दिवसाचा माल पाहून संपण्यास ८२ वर्षे लागतील! एवढ्या आवकेचा ढीग कोणा मुनिमाच्या नजरेने निवडला जाणे नाही. म्हणून निवड यंत्राकडे सोपविलेली आहे, आणि यंत्राने ज्या ठरीव रीतीने हिशेब करावयाचा त्या रीतीस अल्गोरिदम म्हणतात.

ही रीत कशी चालते याचे बऱ्यापैकी स्पष्ट वर्णन २०१६ साली पॉल कोव्हिंग्टन, जे ॲडम्स व एम्रे सार्गिन या गूगलच्या तिघा अभियंत्यांनी एका निबंधात केले. त्यात दोन चाळण्या सांगितल्या आहेत. पहिली मोठ्या छिद्रांची. लाखो चित्रफितींतून ती काही शेकडा बाजूस काढते. दुसरी बारीक. त्या काही शेकड्यांतील एकेकीस ती गुण देते, आणि सर्वांत अधिक गुणांच्या मूठभर चित्रफिती पडद्यावर मांडल्या जातात. आपण बोटाने पडदा वर सारतो तोवर हे सारे उरकलेले असते.

पहिल्या चाळणीचे काम मुख्यतः सारख्या आवडीच्या माणसांवर चालते. तुम्ही ज्या चित्रफिती पाहिल्या त्याच ज्या इतर हजारो जणांनी पाहिल्या, त्यांनी आणखी काय पाहिले, ते तुमच्यापुढे आणावयाचे. वरीचे तांदूळ आणि साबुदाणा नेणाऱ्या दुकानदारास शेंगदाणेही दाखवावेत, हे आमच्या दिवाणजीस कोणी शिकविले नव्हते. फरक इतकाच की, दिवाणजीस एकादशी ठाऊक असते. यंत्रास एकादशी ठाऊक नसली तरी ते शेंगदाणे दाखविते, कारण मागील हजार गिऱ्हाइकांच्या वह्या त्याने पाहिलेल्या असतात. माल चांगला की वाईट, सांगणारा जाणता की अडाणी, हा प्रश्न येथवर उपस्थितच झालेला नसतो.

दुसऱ्या चाळणीत गुण कशाचे द्यावयाचे, यावर कंपनीचे मत काळानुसार बदलत गेले आहे, आणि तो इतिहास व्यापाऱ्याने वाचण्याजोगा आहे. प्रारंभी किती लोकांनी चित्रफीत उघडली एवढेच मुख्यतः मोजीत. त्याचा परिणाम आपल्यापैकी कोणीही सांगू शकेल. दर्शनी चित्र एक आणि आत दुसरेच, असे प्रकार माजले. पोत्याच्या तोंडाशी निवडलेला गहू आणि तळाशी माती, असा माल पाठविणारे आपल्याही धंद्यात होते व आहेत. मग २०१२ साली कंपनीने माप बदलले. किती जणांनी उघडली यापेक्षा किती वेळ पाहिली यास महत्त्व आले. म्हणजे नमुना पोत्याच्या तोंडाशी न घेता आतून काढावयाचा, असेच म्हणावयाचे. २०१६ च्या निबंधातही गुण देण्याचा पाया हाच आहे. ही चित्रफीत या माणसापुढे ठेवली तर तो ती किती वेळ पाहील, याचा अंदाज.

परंतु वेळ हे मापही पुरे ठरले नाही. माणूस रेंगाळला म्हणजे संतुष्ट झाला असे नव्हे. भांडण पाहण्यासही लोक थांबतात. म्हणून पुढे प्रेक्षकांपैकी काहींना पाहिलेल्या चित्रफितीस एक ते पाच तारे देण्यास सांगू लागले, आणि त्या उत्तरांवरून इतरांचेही समाधान अनुमानाने काढू लागले. आवडल्याची वा नावडल्याची खूण, दुसऱ्यास पाठविणे, मध्येच बंद करणे, या साऱ्यांची नोंद होते. अशा नोंदींची संख्या कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने २०२१ साली ८,००० कोटींहून अधिक सांगितली होती. आपली कीर्द आपण लिहितो. ही कीर्द आपल्याविषयी दुसरा लिहितो, एवढे ध्यानात ठेवावे.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती वाचून आम्हांस हसू आले. २०१९ सालच्या दुसऱ्या एका निबंधात गूगलच्या अभियंत्यांनी लिहिले आहे की, यादीत वर असलेली चित्रफीत लोक बऱ्याच वेळा ती वर आहे म्हणूनच उघडतात. म्हणून तिच्या यशातून जागेचा गुण वजा करण्याची तजवीज त्यांनी यंत्रात केली. दुकानाच्या दर्शनी फळीवरचा माल अधिक खपतो, तो चांगला असतो म्हणूनच नव्हे, हे सांगण्यास निबंधाची गरज पेठेत पडली नसती. परंतु त्यांनी तो गुण वजा केला, हे मात्र आम्हांस मानावेसे वाटले. आपण किती जण करतो?

आता हे सर्व आपल्या धंद्यास कोठे येऊन भिडते ते सांगतो. जानेवारी २०१८ मध्ये यूट्यूबचे अधिकारी नील मोहन यांनी सांगितले होते की, तेथे लोक जेवढा वेळ घालवितात त्यापैकी ७० टक्क्यांहून अधिक वेळ शिफारशींमुळे आलेला असतो. म्हणजे आपण शोधून पाहतो ते थोडे, आणि समोर मांडले म्हणून पाहतो ते फार.

बेळगावच्या पेठेत एखादी बातमी खरी मानण्याची आमची एक जुनी रीत आहे. तुरीच्या शेंगेस अळी लागली असे कलबुर्गीहून कळले, तर आम्ही लातुरास विचारतो, मग अकोल्यास. तिन्ही ठिकाणचे अडते एकमेकांस ओळखीत नाहीत, प्रत्येकाने आपल्या यार्डातील माल पाहिलेला असतो. तिघांचे बोलणे जुळले तर त्या जुळण्यास किंमत आहे. कारण ती तीन स्वतंत्र तोंडे आहेत.

मोबाईलवर काय घडते? तरुण व्यापारी ‘तूर भडकणार’ अशा मथळ्याची एक चित्रफीत शेवटपर्यंत पाहतो. यंत्राच्या वहीत नोंद होते. दुसऱ्या दिवशी तशाच पाच चित्रफिती समोर येतात, त्यांपैकी तीन तो पाहतो. आठवड्याभरात दहा निरनिराळे चेहरे, दहा निरनिराळ्या गावांची नावे घेऊन, त्यास एकच गोष्ट सांगत असतात. तो म्हणतो, दहा जण सांगतात ते खोटे कसे असेल? परंतु ती दहा तोंडे स्वतंत्र नव्हेत. त्यांस एकाच चाळणीने, याच्याच आवडीवरून वेचून आणलेले आहे. भाव उतरेल असे सांगणाराही तेथे कोठे तरी असतोच. पण तेजी धरून बसलेल्यास मंदीचे बोलणे दोन मिनिटे ऐकवत नाही हे आपण जाणतो, आणि त्याने ते दोन वेळा अर्ध्यावर सोडले की यंत्रही जाणते. जुळणारी दहा मते हा येथे पुरावा राहत नाही. ते आपल्याच मनाचे दहा वेळा घेतलेले प्रतिबिंब असते.

२०२४ च्या उन्हाळ्यात आमच्या बाजारातील एका होतकरू तरुणाने अशाच भरवशावर तूर बांधून ठेवली. घरातील वडीलधाऱ्यांनी हटकले तेव्हा त्याने मोबाईल पुढे केला. २१ जून २०२४ रोजी केंद्र सरकारने तूर व हरभरा यांवर साठ्याची मर्यादा घातली. घाऊक व्यापाऱ्यास प्रत्येक डाळीचे २०० टन. त्यास मर्यादेवरील माल घाईने काढावा लागला, आणि घाईने काढलेल्या मालास जो भाव मिळतो तोच मिळाला. वास्तविक जून २०२३ मध्ये तूर व उडीद यांवर अशीच मर्यादा आली होती, तेव्हा पुन्हा येण्याचा संभव उघड होता. त्या दहा चित्रफितींपैकी एकीतही त्याचा उल्लेख नव्हता असे तो सांगतो. असता तरी, तेवढा भाग त्याने ऐकला असता की नाही याची आम्हांस शंका आहे.

येथे चित्रफीत करणाऱ्याचा हिशेबही पाहिला पाहिजे. लांब चित्रफितींवरील जाहिरातींच्या उत्पन्नातून कंपनी त्यास ५५ टक्के देते. भाकीत खरे ठरले तर अधिक व खोटे ठरले तर उणे, अशी त्यात अट नाही. पाहिले गेले की पैसे मिळाले. अडत्यासही माल विकला गेला की अडत मिळते हे खरे, पण पुढल्या सुगीस त्यास त्याच शेतकऱ्यासमोर उभे राहावयाचे असते.

कंपनीस खऱ्याखोट्याची पर्वाच नाही असे मात्र आम्ही म्हणणार नाही. दिशाभूल करणाऱ्या, उदाहरणार्थ असाध्य रोगावर चमत्कारिक औषधे सांगणाऱ्या चित्रफितींच्या शिफारशी कमी करण्याचे तिने जानेवारी २०१९ मध्ये जाहीर केले व त्याप्रमाणे काही केलेही. परंतु पृथ्वी सपाट आहे असे म्हणणारा आजच खोटा ठरविता येतो. तूर पुढल्या महिन्यात भडकेल असे म्हणणारा आज खोटा ठरविता येत नाही. आपला धंदा सगळा या दुसऱ्या जातीच्या बोलण्याचा आहे, आणि तेथे ती चाळणी फारशी उपयोगी पडणार नाही असे आमचे मत आहे.

मुलांच्या हातांतील आखूड चित्रफितींविषयी थोडेच सांगतो. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात यूट्यूबने ‘शॉर्ट्स’ प्रथम भारतातच सुरू केले. त्यात निवडून उघडावयाचे काही नसते. एक संपली की दुसरी येते. थांबलात की होकार, बोटाने सारलीत की नकार. घरातील दूरदर्शन संचावर सर्वांचे मिळून एकच खाते असेल तर आजोबांची भजने, सुनेच्या पाककृती व नातवाची व्यंगचित्रे यांची खिचडी होऊन यंत्र गोंधळते. आमच्याकडे तर मराठी, कानडी व हिंदी अशा तीन भाषांची भर पडते. तो गोंधळ एका परीने बराच म्हणावयाचा.

यावर उपाय काय, असे सभासद विचारतील. नावडल्याची खूण केली की काम झाले असे पुष्कळांस वाटते. मोझिला या अमेरिकेतील संस्थेने वीस हजारांहून अधिक स्वयंसेवकांच्या साहाय्याने २०२२ साली याची परीक्षा घेतली. नावडल्याच्या खुणेने नको असलेल्या शिफारशी अवघ्या १२ टक्के टळल्या व ‘रस नाही’ या अर्थाच्या बटणाने ११ टक्के. पाहिल्याची नोंद इतिहासातून काढून टाकल्यास २९ टक्के, आणि ‘या चॅनेलची शिफारस करू नका’ असे सांगितल्यास ४३ टक्के. म्हणून यंत्राची समजूत घालीत बसण्यापेक्षा वहीतील नोंद खोडणे वा त्या पेढीशी व्यवहारच बंद करणे अधिक गुणकारी, असे या आकड्यांवरून दिसते.

भावासाठी सरकारच्या ॲगमार्कनेटवर बाजारवार आवक व भाव रोज मिळतात. तेथील आकडे तुमची आवड पाहून बदलत नाहीत. साठ्याच्या मर्यादेचे आदेश केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याकडून निघतात व ते मूळ स्वरूपात वाचता येतात. आमच्या पेढीवर गेल्या वर्षापासून कामाच्या मोबाईलसाठी निराळे खाते उघडून त्यातील पाहण्याचा इतिहास बंद ठेवला आहे. ऑगस्ट २०२३ पासून यूट्यूबचा नियम असा आहे की, इतिहास बंद असून मागील नोंदीही फारशा नसल्या तर पहिल्या पानावर कोणतीच शिफारस येत नाही. पान कोरे दिसते. काय पाहावयाचे ते स्वतः टंकून शोधावे लागते. प्रारंभी मुलांनी कुरकुर केली. हल्ली ते त्यावर बाजाराचे नाव व तारीख घालून शोधतात, आणि चित्रफीत कोणत्या दिवशी चढविली होती ते आधी पाहतात.