बोगनवेलीला एवढे रंग आले कुठून?

दुभाजकावरच्या, कुंपणावरच्या बोगनवेलीचा एक गुच्छ तोडून नीट पाहा. ज्यांना आपण पाकळ्या समजतो ती रंगलेली पानं असतात, सहसा तीन. वनस्पतिशास्त्रात त्यांना सहपत्रं म्हणतात. प्रत्येक सहपत्राच्या मधल्या शिरेला एक बारीक नळी चिकटलेली दिसेल आणि तिच्या टोकाला पांढरट चांदणी. खरं फूल ते. त्याच्या तळाशी एकच बीजांड असतं, म्हणजे एका फुलातून फार तर एक बी.

बोगनवेल गुलबक्षीच्या कुळातली. या कुळातला जांभळा-लाल रंग आणि बिटाच्या कंदातला रंग एकाच गटातले, त्यांना बीटालेन म्हणतात. त्यात दोन प्रकार आहेत, एक किरमिजी-जांभळा आणि एक पिवळा. दोन्ही कमीजास्त मिसळले की केशरी आणि विटकरी छटा तयार होतात, दोन्ही नसले की पांढरा. रंगद्रव्यं दोनच, एवढ्या छटा व्हायच्या तर त्यांची प्रमाणं बदलावी लागतात, आणि ती बदलली संकरामुळे.

बागेतल्या जवळजवळ सगळ्या बोगनवेलींचं मूळ दक्षिण अमेरिकेतल्या तीन जातींत आहे. ब्राझीलची स्पेक्टॅबिलिस: पानं लवदार, काटे मोठे आणि वाकडे. ग्लॅब्रा हीसुद्धा ब्राझीलचीच: पान गुळगुळीत, फुलाची नळी फुगीर आणि पाच कंगोऱ्यांची. तिसरी पेरुव्हियाना, पेरू-इक्वेडोर-कोलंबियाकडची: तिची नळी सडपातळ. रानात पेरुव्हियाना आणि ब्राझीलच्या दोघींमध्ये अँडीज पर्वत आडवा. माणसांनी त्यांना बागांमध्ये शेजारी आणून लावलं आणि पुढचं काम कीटकांनी केलं. बोगनवेल स्वतःच्या परागानं सहसा बी धरत नाही, त्यामुळे शेजारणीचा पराग तिच्या उपयोगी पडतो.

अशा संकरांत सर्वांत प्रसिद्ध ‘मिसेस बट’. किरमिजी रंगाची ही वेल कोलंबियातल्या कार्ताहेना इथून 1910 साली त्रिनिदादला आली. ग्लॅब्रा आणि पेरुव्हियाना यांचा हा संकर मानला जातो. तिच्यावरून 1944 मध्ये या सगळ्या संकरगटाला ‘बटियाना’ हे शास्त्रीय नाव मिळालं. आपल्याकडे दिसणाऱ्या कितीतरी लाल आणि केशरी वेली याच गटातल्या आहेत.

पण बटियाना गटातल्या बहुतेक वेली बी धरत नाहीत. तिन्ही मूळ जातींत गुणसूत्रं 34, म्हणजे 17 जोड्या. पराग आणि बीजांड तयार होताना या जोड्या जुळाव्या लागतात. संकरात एक संच एका जातीचा आणि दुसरा दुसरीचा. एका सदऱ्याची बटणं दुसऱ्याच्या काजांत बसवावीत तसं होतं. जोडी अर्धवट जुळते आणि पराग पोकळ राहतो.

मग नवे रंग येतात कसे? फांदीवर. वाढणाऱ्या एखाद्या डोळ्यात अचानक बदल होतो आणि एकच फांदी वेगळ्या रंगानं फुलते. माळी तिची कटिंग लावतो आणि नवी जात होते. कोलकात्यात सापडलेली ‘मेरी पामर’ अशीच: एकाच वेलीवर पांढरी आणि गडद गुलाबी सहपत्रं. तिच्या वाढत्या शेंड्यात दोन तऱ्हांच्या पेशी शेजारी नांदतात. त्यातली एकच उरली की फांदी निव्वळ गुलाबी किंवा निव्वळ पांढरी होते. घरी ‘मेरी पामर’ असेल तर अशा फांद्या वेळीच छाटाव्यात, आणि कटिंग दुरंगी फांदीचीच घ्यावी.

वांझपणावर उपाय लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात शोधला गेला. तिथे डॉ. त्रिलोकीनाथ खोशू आणि सहकाऱ्यांनी कोल्चिसिन वापरून वांझ वेलींची गुणसूत्रं दुप्पट, म्हणजे 68 केली. (हेच द्रव्य आपल्या कळलावीच्या कंदातही असतं.) दुप्पट झाल्यावर प्रत्येक गुणसूत्राला हुबेहूब जोडीदार मिळतो, जोड्या जुळतात आणि वेल पुन्हा बी धरू शकते. बोगनवेलीवर झालेलं हे मला सर्वांत मोलाचं काम वाटतं, कारण बंद पडलेली वाट त्यानं उघडली.

एरवी एकाच वेलीच्या कटिंगनं वाढवलेली सगळी रोपं जनुकांनी एकच असतात. नावं शेकड्यांनी असली तरी त्यांच्यामागचा वारसा मोजक्या वेलींचा आहे, आणि आपल्या नर्सऱ्यांत ती नावंही ‘लाल’, ‘पांढरी’, ‘डबल’ एवढ्यावर येऊन थांबतात. म्हणून रोप घेताना जातीचं नाव विचारा आणि कुंडीवर लिहून ठेवा. आणि तुमच्या वेलीवर एखादी फांदी अनोळखी रंगात फुललीच, तर ती छाटून टाकण्याआधी तिची दोन-तीन कटिंग लावा. बोगनवेलीच्या नव्या जातींची जगभरची नोंद आपल्याच देशात, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत होते.